बीपी आहे? मग लघवीही तपासून घ्या

कर्जत-खालापूरच्या गावांत बीपीचा रुग्ण बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी दवाखान्यात गेलेला असताना सापडतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असतं, दाढ काढायची असते, नाहीतर गावात शिबिर लागतं आणि आशाताई घरोघर फिरून लोकांना गोळा करून नेतात. दंडाला पट्टा बांधला जातो, आकडा येतो १६८ वर १०२, आणि ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणत माणूस गोळ्या घेऊन घरी येतो. तिथून पुढे वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला जातो, बीपी किती आहे? कोंडाण्यात विचारा की चौकला, लघवीतलं प्रथिन कधी तपासलं होतं याचं उत्तर फार थोड्यांना देता येईल. त्यांचा दोष नाही. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

हा लेख त्या राहून गेलेल्या तपासणीसाठी आहे. बीपी, रक्तातली चरबी आणि किडनी ही तीन वेगवेगळी दुखणी समजून आपण तीन वेगवेगळ्या वेळी त्यांच्याकडे बघतो. शरीरात मात्र ती एकमेकांना धरून चालतात, आणि बीपीच्या रुग्णाने तिन्हींचे आकडे एकाच कागदावर मांडून बघितले तर पुढची बरीच वर्षं हातात राहतात.

किडनीचं काम आधी समजून घेऊ. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला जवळपास पाचवा हिस्सा सतत या दोन मुठीएवढ्या अवयवांतून फिरत असतो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. गाळण्याचं काम करणारे बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते एकेका किडनीत सरासरी दहा लाखांच्या घरात असतात. भाताच्या खाचरात वरून पाण्याचा लोंढा सतत जोरात येत राहिला तर बांध लगेच फुटत नाही. आधी पाण्याबरोबर माती वाहून जायला लागते. वाढलेल्या बीपीने किडनीत हेच होतं. गाळणी कुठे निकामी होण्याच्या किती तरी आधी तिच्यातून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपायला लागतं. त्या वेळी दुखत नाही, सूज नसते, लघवीचा रंगही बदलत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम जोखतात, तेसुद्धा ठीक दिसतं. ते झिरपणं फक्त लघवीच्या तपासणीत दिसतं.

चरबीचा संबंध इथे दोन्ही बाजूंनी येतो. किडनीला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत चरबीचा थर साचला की किडनीपर्यंत रक्त कमी पोहोचतं. शरीरातलंच रक्त कमी झालं अशी किडनीची समजूत होते आणि ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. त्याने बीपी आणखी चढतं. उतारवयात, विशेषतः बिडी-तंबाखूची जुनी सवय असलेल्या माणसाचं बीपी तीन-तीन गोळ्यांनीही हलत नसेल, तर डॉक्टर या धमनीची सोनोग्राफी करायला सांगतात ती यासाठीच. उलट दिशेनेही गाडी चालते. किडनी मंदावली की रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते घटतं. लघवीतून प्रथिन फार जायला लागलं तर यकृत ती तूट भरून काढण्याच्या धडपडीत चरबीचे कणही जास्त बनवतं आणि कोलेस्टेरॉल एकदम ३००-४०० वर जातं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सकाळी डोळ्यांखाली सूज, पाय जड, लघवीला न मोडणारा फेस आणि कोलेस्टेरॉल साडेतीनशे, असं चित्र असेल तर तेल-तूप बंद करत बसू नका. त्याच आठवड्यात लघवी तपासा. तिथे चरबी हे दुखणं नसतं, किडनीच्या दुखण्याची खूण असते.

आणखी एक गैरसमज या भागात फार घट्ट आहे: बीपी, चरबी ही जाड माणसांची, बसून खाणाऱ्यांची दुखणी. डोंगरावर चढणारा ठाकूर, वीटभट्टीवर राबणारा कातकरी, लावणीला दिवसभर वाकलेली बाई, यांना कसली चरबी? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपल्याकडची बाळं वजनाने कमी असतात, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं, हे त्यातून पुढे आलं. किडनीबद्दलही असाच विचार आहे. अमेरिकेतले डॉ. बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडलं, की कमी वजनाच्या बाळाला जन्मतःच गाळण्या कमी मिळतात. त्या नंतर वाढत नाहीत, आणि मोठेपणी त्यांच्यावरच सगळा भार पडून बीपी आणि किडनीचा त्रास उद्भवू शकतो. कुपोषणाचा इतिहास असलेल्या आपल्या आदिवासी पाड्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. काटक शरीराकडे बघून तपासणी टाळू नये. तीस वर्षं उलटली की प्रत्येकाचं बीपी वर्षातून एकदा मोजलं जावं. ते उपकेंद्रावर मोफत होतं, आणि त्यासाठी आजारी पडावं लागत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

बीपी निघालं की वर्षातून किमान एकदा या तपासण्या एकत्र करा: रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज), लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लॅबमध्ये याला ‘एसीआर’ म्हणतात), चरबीचा पूर्ण रिपोर्ट म्हणजे लिपिड प्रोफाइल, आणि शुगर. एसीआर जवळ कुठे होत नसेल तर निदान साध्या पट्टीवर लघवीतलं प्रथिन तरी बघून घ्या. अगदी थोडं झिरपणं पट्टीला कळत नाही, म्हणून जमेल तेव्हा एसीआरच करा. त्यासाठी सकाळची पहिली लघवी उत्तम. ताप असताना, पाळीच्या दिवसांत किंवा आदल्या दिवशी राजमाचीसारखी दमवणारी चढाई झालेली असताना लघवी तपासली तर आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो.

आता दोन आकडे जवळून बघू. समजा ५८ वर्षांच्या एका बाईंचं क्रिएटिनिन १.२ आलं. पुष्कळ लॅबच्या कागदावर ही मर्यादा १.२ किंवा १.३ पर्यंत छापलेली असते, त्यामुळे त्याखाली लाल रेघ येत नाही आणि घरात सगळे म्हणतात, किडनी चांगली आहे. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तीस वर्षांच्या धडधाकट पुरुषाचं १.२ असेल तर त्याचा ईजीएफआर साधारण ८३ निघतो. या बाईंचा ५२ च्या आसपास. आकडा तोच, पण एकाची किडनी व्यवस्थित आणि दुसरीची निम्म्यावर येऊ लागलेली. म्हणून नुसतं क्रिएटिनिन बघून कधीही निर्धास्त होऊ नका. ईजीएफआर छापलेला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढ्यावर तो मोबाइलवर मिनिटात निघतो.

ईजीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर ३० च्या वर, आणि हे तीन महिन्यांनंतरही तसंच, तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. एका रिपोर्टवरून हा शिक्का मारायचा नसतो. उलटी-जुलाब, ताप, पाणी कमी पडणं यांनी आकडा तात्पुरता बिघडू शकतो. एसीआर ३० ते ३०० मध्ये असेल तर गाळणी झिरपायला लागली आहे, पण अजून पुष्कळ करता येण्यासारखं आहे. माझ्या मते बीपीच्या रुग्णाला मिळू शकणारी ही सर्वांत मोलाची सूचना आहे, कारण या टप्प्यावर उपचारांचा खरा उपयोग होतो.

चरबीच्या रिपोर्टमध्ये लोक एकूण कोलेस्टेरॉल बघतात आणि कागद मिटतात. तो सर्वांत कमी उपयोगाचा आकडा. एकूण २१२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स २४० असा रिपोर्ट घ्या. एलडीएल, म्हणजे धमनीत थर साचवणारं कोलेस्टेरॉल, बहुतेक लॅब थेट मोजत नाहीत. एकूणातून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून काढतात. इथे ते येतं १२६. आता एकूणातून फक्त एचडीएल वजा करा: १७४. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि धमनीला त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. किडनी मंदावलेल्यांत ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या असतात, त्यामुळे एकट्या एलडीएलवर विसंबलं तर धोका कमी वाटतो; म्हणून हा १७४ चा आकडा बघायचा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर वरचं गणित चालत नाही आणि तपासणी उपाशीपोटी पुन्हा करावी लागते. एरवी लिपिड प्रोफाइलसाठी उपाशी राहिलंच पाहिजे असं आता मानत नाहीत. पहाटेची गाडी पकडून उपाशीपोटी कर्जत गाठायचं म्हणून तपासणी पुढे ढकलणाऱ्यांनी हे जरूर डॉक्टरांना विचारावं. शुगर उपाशीपोटीची हवी असेल तर गोष्ट वेगळी.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी चरबीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत बीपी किंवा मधुमेह असलेल्यांना जास्त धोक्याच्या गटात धरून एलडीएल ७० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली ठेवावं असं सांगितलं आहे. वरच्या रिपोर्टमधले १२६ आणि १७४ या फुटपट्टीने बरेच वर आहेत, जरी लॅबच्या कागदावर ते फार भयंकर दिसत नसले तरी.

चरबीची गोळी कशासाठी असते

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दुकानदारापासून नातेवाइकांपर्यंत सगळे ती गोंधळात टाकतात. अटोरव्हास्टॅटिनसारखी चरबीची गोळी किडनी वाचवण्यासाठी दिलेली नसते. ती हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी असते. किडनीचा आजार असलेल्या माणसाला डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार गाठण्याची भीती मोठी असते. चरबी किडनीला थेट इजा करत असावी हा विचार १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला, आणि त्यानंतर चरबी उतरवून किडनी वाचते का, हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शार्प या अभ्यासात किडनीचा आजार असलेले नऊ हजारांहून जास्त रुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमिब या दोन औषधांनी त्यांच्यातले हृदयविकार, पक्षाघात आणि धमन्या तुंबण्याचे प्रकार मिळून १७ टक्क्यांनी कमी झाले. डायलिसिसपर्यंत पोहोचण्याचं प्रमाण मात्र त्याने घटलं नाही. आणि डायलिसिस सुरू झाल्यानंतर पहिल्यांदा ही गोळी चालू केली तर फारसा फायदा होत नाही, हे २००५ आणि २००९ च्या दोन अभ्यासांत दिसलं.

यातून आपल्या कामाचं एवढंच निघतं: ही गोळी घ्यायची तर वेळेत घ्यायची. किडनीच्या आजाराची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की पन्नाशी ओलांडलेल्या आणि किडनीचा जुनाट आजार असलेल्या रुग्णाला, तो डायलिसिसवर नसेल तर, चरबीचा आकडा कितीही असो, ही गोळी द्यावी. ‘माझं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आलंय, मग गोळी का?’ याचं उत्तर हे आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे. अंग फार दुखायला लागलं, मांड्या-दंड जड झाले, लघवी गडद तांबूस झाली तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवा. गरोदर असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईने ही गोळी आणि टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी दोन्हींबद्दल डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

किडनी वाचवतं ते बीपीचं नियंत्रण. लघवीतून प्रथिन जात असेल तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातली गोळी पहिली, कारण ती गाळणीच्या आतला दाब उतरवते. ती सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. क्रिएटिनिन थोडं वाढतं, ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी घाबरून गोळी सोडायची नसते. अम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या घोट्यांना सूज येते, आणि ‘किडनी गेली’ म्हणून घर हादरतं. ती सूज बऱ्याचदा गोळीची असते, डॉक्टर गोळी बदलून देतात. सध्या डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या औषधाचाही, मधुमेह नसलेल्यांतसुद्धा, किडनीला चांगला आधार मिळतो हे सिद्ध झालं आहे. त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

बीपी मोजतानाही घाई नको. एसटीतून उतरून, चहा पिऊन, मशेरी लावून लगेच दंड पुढे केला तर आकडा चढाच येणार. अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या उंचीला, बाही वर, आणि दोनदा मोजा. मशेरीला तंबाखू न समजणाऱ्या बायका या भागात खूप आहेत. ती तंबाखूच आहे; बीपीला आणि किडनीला ती बिडीइतकीच नको आहे.

ताटात काय

‘मी तेल तर खातच नाही, मग चरबी वाढली कशी?’ हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. ट्रायग्लिसराइड्स वाढवण्यात तेलापेक्षा भात, साखर आणि दारू यांचा हात मोठा. कर्जत म्हणजे भाताचं आगर. इथे भात संशोधन केंद्र आहे आणि कर्जतच्या नावाने भाताचे वाण आहेत. दोन्ही वेळ ताटभर भात, जोडीला तांदळाची भाकरी आणि दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा, एवढ्यावर तेलाचा थेंब न घालताही ट्रायग्लिसराइड्स चढतात. भात सोडा असं मी म्हणणार नाही. एका वेळचा भात निम्मा करा आणि त्या जागी वाल, मूग, चवळी, पालेभाजी येऊ द्या. वरकस जमिनीत नाचणी-वरी होते ती विकून तांदूळ आणण्यापेक्षा घरातच ठेवा.

वाल हे तर रायगडचं लेणंच. थंडीत पोपटी लावतात तेव्हा वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि वर जाळ, यात तेल नसतं, पाणी नसतं. चरबी उतरवायला मदत करणारा चोथा वालात भरपूर आहे. फक्त पोपटीत पडणारं जाडं मीठ आणि तिच्या जोडीने होणारी दारू, याला हात आखडता घ्या.

तेलाचं माप सोपं ठेवा: माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांच्या घरात दोन लिटर. किराण्याच्या यादीत ते पाळलं जातं की नाही हे कळतं, चमच्याने मोजायची गरज नाही. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतल्या तेलाला कुठला कायदा पोहोचत नाही. रोज गाडी पकडताना वडापाव खाणाऱ्यांनी तो आठवड्यातून एकदावर आणावा.

बीपी आणि किडनी दोन्हींसाठी मीठ मात्र पहिला शत्रू. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे घरातला एक सपाट चहाचा चमचा, सगळ्या पदार्थांतलं मिळून. आपल्या देशातल्या पाहणीत ते आठ ग्रॅमच्या आसपास निघालं. सुकी मासळी सगळी सारखी नसते. बोंबील, जवळा बहुधा नुसत्या उन्हात वाळवतात. खारा बांगडा मिठात मुरवलेला असतो, तो भिजवून पाणी टाकलं तरी खारट राहतो, त्यामुळे बीपीच्या माणसाने तो सोडलेलाच बरा. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो. सैंधव मीठ चालतं असं अनेकांना वाटतं, पण त्यातही सोडियमच. आणि ‘लो सोडियम’ लिहिलेलं मीठ किडनी बिघडलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनच्या जोडीने ते रक्तात साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर कडधान्यं, फळं, नाचणी यांचाही हिशेब बदलतो. तिथे वर लिहिलेलं जसंच्या तसं पाळू नका, आहारतज्ज्ञाला गाठा.

कोकणात मासळीच्या कालवणाला आंबटपणासाठी बिलिंबी घालतात. तेवढ्याने काही होत नाही. पण ‘कोलेस्टेरॉल उतरतं’ म्हणून बिलिंबीचा रस पिणारे लोक आहेत, आणि त्याचं काय होतं हे केरळमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये नोंदवलं. दहा जणांच्या किडन्या या रसाने अचानक बंद पडल्या. रसातलं ऑक्झलेट किडनीच्या नळ्यांत खड्यांसारखं साचलं होतं. तिघे औषधोपचारांनी सावरले, सात जणांना डायलिसिस लागलं. चरबी उतरवायला निघालेल्या माणसाने किडनी गमावण्याच्या दारात जाऊन उभं राहणं, याहून वाईट काय? करमळाचंही तसंच, किडनीचा आजार असलेल्याने ते फळ अजिबात खाऊ नये. ओळखीच्याने आणून दिलेल्या चूर्णाच्या, काढ्याच्या बाबतीत एकच नियम: त्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेलं नसेल तर घ्यायचं नाही.

लावणीचे दिवस

जून-जुलैत इथल्या मेडिकल दुकानांत अंगदुखीच्या गोळ्या भरपूर जातात. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडते, रात्री डायक्लोफिनॅकची किंवा आयब्रुफेनची गोळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात. धडधाकट माणसाला दोन-चार गोळ्या पचतात. बीपीच्या माणसाला त्या दोन प्रकारे नडतात. एक तर त्या मीठ-पाणी अंगात अडवून बीपी चढवतात. आणि टेल्मिसार्टनसोबत लघवीची गोळीही चालू असेल तर या तिघी मिळून किडनीचा रक्तपुरवठा तोडतात. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, शेक, तेल चोळणं, एखादा दिवस विश्रांती. दुकानातून गोळी घेताना ‘मला बीपी आहे’ एवढं एक वाक्य म्हणायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. ज्या गुडघेदुखीच्या ‘पुड्या’ नावाशिवाय मिळतात त्यांत काय आहे ते कळत नाही, म्हणून त्या मुळीच नकोत.

याच दिवसांत शेतातल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. अंग ठणकतं, डोळे लाल होतात, पोटऱ्या धरवत नाहीत, लघवी कमी होते. हा आजार थेट किडनीवर जातो. अशा तापात वेदनाशामक खाऊन अंगावर काढणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सरकारी दवाखाना गाठा. जुलाब-उलट्या लागल्या, पाणी टिकेना, तर टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या असतात. कुठल्या आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या. रात्री जुलाब सुरू झाल्यावर विचारायला कुणी भेटत नाही.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर जाणाऱ्या कुटुंबांत गोळ्या तुटतात, कारण नवीन ठिकाणी कार्ड नसतं, ओळख नसते. निघायच्या आधी उपकेंद्रातून निदान महिन्याच्या गोळ्या घ्या. कार्डाचा आणि शेवटच्या रिपोर्टचा मोबाइलवर फोटो ठेवा. बीपीच्या मूळ गोळ्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आपल्या गावातच घेतल्या पाहिजेत असं नाही. भट्टीच्या धगीत पाणी कमी पडू देऊ नका. बाकीच्या गोळ्या विकत घ्यायच्या तर जनऔषधी दुकानात त्या बाजारापेक्षा खूप स्वस्त पडतात.

ईजीएफआर ३० च्या खाली, किंवा वर्षभरात पाचहून जास्त घसरलेला, एसीआर तीन महिन्यांनीही ३०० च्या वर, लघवीतून रक्त, पोटॅशियम वाढलेलं, तीन गोळ्यांनीही न उतरणारं बीपी: यांपैकी काहीही असेल तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे जा. डायलिसिसची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते मोफत होतं, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास, शिवाय जाण्या-येण्यात गेलेला दिवस आणि बुडालेली मजुरी, हे कुठलीच योजना भरून देत नाही. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला, गावठी औषधासकट. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. किडनी किती वेगाने उतरते आहे हे डॉक्टर त्या तारखांवरूनच ठरवतात.